चिनी विद्यार्थ्याला ‘ओपन’ कसं शिकवावं

चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायला घेतलं की ‘ओपन द लाइट’, ‘ओपन द टीव्ही’ ही वाक्यं कानावर पडतातच. त्यामागे मॅन्डरिनमधलं ‘खाय’ हे क्रियापद असतं. दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं, मीटिंग घेणं, डॉक्टरांनी औषध लिहून देणं, फूल उमलणं, एवढंच काय, थट्टा करणंसुद्धा त्याच ‘खाय’ने होतं. तैवानमध्ये आजही वापरल्या जाणाऱ्या पारंपरिक लिपीत या अक्षरात चक्क दार आहे. चीनमधल्या सोप्या केलेल्या अक्षरातून ते दार गेलं.

१. व्याख्या सांगायच्या फंदात पडू नका. दिवसभरात ‘खाय’ कुठेकुठे वापरता, त्याची यादी विद्यार्थ्यालाच लिहायला सांगा.

२. मग एकेका वाक्याला विचारा : इथे काही झाकलेलं किंवा मिटलेलं आहे का? दार, बाटली, पाकीट, डोळे असतील तर ‘ओपन’. बटण, खटका किंवा नळ असेल तर ‘टर्न ऑन’. गाडीला ‘ड्राइव्ह’, मीटिंगला ‘होल्ड’, औषधाला ‘प्रिस्क्राइब’. बँकेतलं खातं आणि फोनमधलं अ‍ॅप मात्र ‘ओपन’च करायचं, ते सरळ पाठ करून टाकावं. ‘ओपन द कम्प्युटर’ म्हटलं तर समोरचा स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागेल, हे सांगितलं की फरक चटकन लक्षात राहतो.

३. आता खरी अवघड जागा. दुकान चालू आहे हे सांगताना विद्यार्थी ‘द शॉप इज ओपन्ड’ म्हणतो, आणि त्याचं तर्कशास्त्र बिनचूक असतं : बंद असेल तर ‘क्लोज्ड’, मग उघडं असेल तर ‘ओपन्ड’ का नाही? इंग्रजीत ही जोडी लंगडीच आहे. स्थिती सांगायची असेल तर ‘इज ओपन’ आणि ‘इज क्लोज्ड’. घटना सांगायची असेल तर ‘द शॉप ओपन्ड अ‍ॅट नाइन’. मॅन्डरिनमध्ये काळाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलत नाही, त्यामुळे हा भेद नुसता समजावून भागत नाही. दुकानाच्या दोन पाट्या काढा, एक उघडल्याच्या वेळेची आणि एक आत्ताच्या स्थितीची, आणि आलटून पालटून वाक्यं म्हणून घ्या.

४. ‘क्वान’ म्हणजे बंद करणं. दारालाही तेच, दिव्यालाही तेच. इथे मराठी शिक्षकाने स्वतःवरही लक्ष ठेवावं, कारण आपणही दार बंद करतो आणि लाइटही बंद करतो. ‘क्लोज द लाइट’ आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं. हवं ते ‘टर्न ऑफ’.

५. सराव घरातच घ्या. विद्यार्थ्याने खोलीभर फिरत, एकेका वस्तूला हात लावत तुम्हाला हुकूम सोडायचे : फ्रिज, पंखा, खिडकी, गॅस, ड्रॉवर. फ्रिज शेवटी ठेवा. त्याचं दार ‘ओपन’ होतं आणि बटण ‘टर्न ऑन’, त्यामुळे तिथे दोन्ही वाक्यं म्हणून घेता येतात.