गाडी स्टार्ट होत नाही? सेल्फ मारताना आतला दिवा बघा

निफाडकडचा गारठा नाशिकात उतरला की सकाळी पार्किंगमध्ये चावी फिरवून माणसं हैराण होतात, आणि सल्ला एकच मिळतो : नवी बॅटरी टाका. त्याआधी आतला दिवा लावा, त्याच्याकडे बघत सेल्फ मारा आणि आवाज ऐका.

१. दिवा मंदावतो, टक्-टक्-टक् आवाज येतो : बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल (बॅटरीवर वायर जिथे जोडतात ते टोक) ढिलं आहे. गाडी बंद करून टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं, तर बहुतेक तेच कारण. त्यावर पांढरट-हिरवा थर असेल तर टर्मिनल काढा, गरम पाणी आणि जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा आणि नट आवळा. बॅटरीचे पैसे बरेचदा इथेच वाचतात.

२. दिवा ठणठणीत, पण एकच 'टक्' किंवा काहीच नाही : बिघाड स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर), रिले (तिला करंट देणारा स्विच) नाहीतर वायरिंगमध्ये. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून न्यूट्रलमध्ये एकदा प्रयत्न करा.

३. इंजिन झकास फिरतंय, पण पेट घेत नाही : बॅटरीला बोल लावू नका. बहुतेक पेट्रोल गाड्यांत चावी ऑन केली की मागच्या सीटखालून क्षणभर बारीक घूंऽऽ ऐकू येतं, तो फ्युएल पंप. तो गप्प असेल तर आधी फ्यूज बघा. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकत असेल तर गाडी बहुतेक चावी ओळखत नाहीये, घरातली दुसरी चावी आणा.

टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते.