जनावराला विषबाधा झाल्याची शंका आल्यास काय करावे

विषबाधेची शंका येताच जनावराला प्रथम विषापासून दूर करावे. गव्हाणीतला चारा उचलावा, पाणी बदलावे आणि त्याच कुरणात चरणारी बाकीची जनावरेही बाहेर काढावीत, कारण एक जनावर आडवे झाले असेल तर तोच चारा खाल्लेली इतर जनावरे थोड्या वेळाने आजारी पडू शकतात. मग विलंब न लावता पशुवैद्यकांना फोन करून जनावराचे अंदाजे वजन, काय, किती आणि केव्हा खाल्ले व आता कोणती लक्षणे दिसतात, हे सांगावे. विषाची बाटली किंवा पाकीट सापडल्यास त्यावरील मूळ घटकाचे नाव वाचून दाखवावे. उतारा त्यावरूनच ठरतो.

डॉक्टर येईपर्यंत स्वतःच्या मनाने काहीही पाजू नये. धडपडणाऱ्या किंवा ग्लानीत असलेल्या जनावराला तेल, ताक वा काढा पाजला की तो श्वासनलिकेत उतरतो आणि विषातून वाचू शकले असते असे जनावर फुप्फुसाच्या दाहाने दगावते. कुत्र्याला मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रकार तर कटाक्षाने टाळावा, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. अॅसिड, तीव्र क्षार किंवा रॉकेल पोटात गेले असेल, अथवा झटके येत असतील, तर उलटी मुळीच करवू नये. घोडा आणि ससा यांना तर उलटी होतच नाही. कीटकनाशक अंगावर सांडले असल्यास मात्र थांबू नये: हातमोजे घालून कोमट पाणी व सौम्य साबणाने अंग धुवावे आणि मांजराला अंग चाटू देऊ नये. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिनयुक्त गोचीडनाशक मांजराला कधीही लावू नये. ते मांजराच्या जिवावर बेतते.

लक्षणे नीट पाहिली तर विषाचा अंदाज बांधता येतो. तोंडातून सतत लाळ, डोळ्यांतून पाणी, पातळ शेण, स्नायूंची थरथर आणि टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या ही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची खूण आहे. त्यावर डॉक्टर अॅट्रोपिन देतात. पाण्याच्या ताणाने खुंटलेली किंवा खोडव्याची कोवळी ज्वारी खाल्ल्यावर काही मिनिटांतच धाप लागली आणि रक्त लालभडक दिसले, तर सायनाइडची शंका घ्यावी. रक्त चॉकलेटी दिसले, तर नायट्रेटची. युरियाची गोणी फोडून खाल्लेल्या गाईचे पोट झपाट्याने फुगते, आणि अशा वेळी मिनिटांनाही किंमत असते.

रक्त गोठू न देणारे उंदीरनाशक सर्वांत फसवे असते. ते खाल्लेला कुत्रा पहिले दोन-तीन दिवस खातो, खेळतो, आणि मग हिरड्या पांढऱ्या पडून त्याला धाप लागते, कारण रक्तस्राव तोवर आतल्या आत सुरू झालेला असतो. म्हणून तो बरा दिसत असला तरी त्याच दिवशी न्यावा; वेळेत सुरू केलेले व्हिटॅमिन के-१ सहसा जीव वाचवते, मात्र ते कित्येक आठवडे द्यावे लागते. झिंक फॉस्फाइड हे दुसऱ्या प्रकारचे उंदीरनाशक खाल्लेल्या कुत्र्याच्या उलटीतून विषारी वायू निघत असल्याने त्याला मोकळ्या हवेत ठेवावे. घरातले चॉकलेट, द्राक्षे, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेल्या गोळ्याही कुत्र्याला विषारी ठरतात. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते.

उलटी, उरलेला चारा आणि संशयित वनस्पती स्वतंत्र, स्वच्छ डब्यांत तारीख लिहून थंड जागी ठेवावीत. बाधित जनावराचे दूध डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वापरू नये, वासरालाही पाजू नये. जनावर दगावल्यास शव कुत्र्यांच्या किंवा गिधाडांच्या तोंडी लागणार नाही असे झाकावे, आणि नाक, तोंड वा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल तर ते उघडू अथवा फाडू नये, कारण अचानक झालेला असा मृत्यू काळपुळीचाही (अँथ्रॅक्स) असू शकतो आणि तिचा संसर्ग माणसालाही होतो.