नमाजसाठी ओढणी कशी घ्यावी, शर्ट किती लांब हवा

खोलीत कुणी नसलं, दिवा मालवलेला असला, तरी नमाज पढताना सतर, म्हणजे अंगाचा जो भाग झाकणं फर्ज (धर्मानं बंधनकारक) आहे तो, झाकावाच लागतो. परक्या नजरेपुरताच हा नियम असता तर अंधारात त्याची गरज उरली नसती. कुरआनात (७:२६) तकवाचा, म्हणजे अल्लाहचं भय बाळगून वागण्याचा, पोशाख सर्वांत उत्तम म्हटला आहे. अंगावरचं कापड त्याच्या जोडीनं येतं.

पुरुषांचं सतर बेंबीखालपासून गुडघ्यापर्यंत. हनफी आणि शाफई हे सुन्नी धर्मशास्त्राचे दोन पंथ; हनफी गुडघाही त्यात धरतात, शाफई धरत नाहीत. स्त्रियांनी चेहरा आणि मनगटापासून पुढचे हाताचे पंजे सोडून सगळं झाकायचं. पावलांबाबत मतभेद आहे. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्याकडे पावलंही झाकावी लागतात, म्हणून मोजे किंवा जमिनीला टेकणारा घेर. हनफींच्या प्रचलित मतानुसार पावलं उघडी चालतात.

आधी कापड पाहा. आत हात घालून ते खिडकीच्या उजेडात धरा. त्वचेचा रंग दिसला तर ते सतर झाकत नाही. जॉर्जेट, शिफॉन इथेच बाद होतात, शिवाय घसरतात. सुमारे सव्वादोन मीटर लांब, मीटरभर रुंद सुती ओढणी बरी. केस मागे बांधून ओढणी केसांच्या रेषेवर ठेवा, हनुवटीखाली घट्ट आणून टाचणी लावा, पदर छातीवरून खांद्यापलीकडे टाका. फार पुढे ओढू नका: शाफई मतानुसार सजद्यात (कपाळ जमिनीला टेकताना) कपाळाचा थोडा तरी भाग उघडा टेकायला हवा.

वजूसाठी (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी) वर सारलेल्या बाह्या तशाच राहणं ही नेहमीची चूक. पुरुषाची नमाज त्यानं मकरूह (नापसंत) होते; स्त्रीचं सतरच उघडं पडतं.

पुरुषांचा घोटाळा मात्र पाठीमागे होतो. आखूड टी-शर्ट, खाली बसणारी जीन्स. सजद्यात शर्ट वर सरकतो आणि कमरेखालचा भाग मागच्या सफेला (रांगेला) दिसतो. घरीच एकदा रुकू (कमरेत वाकणं), सजदा करून बघा. शर्ट मांड्यांपर्यंत हवा, नाहीतर आत खोचा. तंग कपड्यात नमाज होते, पण अंगाचा आकार दिसेल असं पढणं नापसंत.

मध्येच ओढणी सरकली तर लगेच सावरा. हनफींच्या मते एखाद्या अवयवाचा चौथा हिस्सा तीनदा ‘सुब्हानल्लाह’ म्हणण्याइतका वेळ उघडा राहिला, तर नमाज तुटते. शाफईंकडे इतकीही सवलत नाही. तत्काळ झाकलं नाही तर पुन्हा पढावी लागते.