लष्करी तळ हलण्याआधी: शेजारच्या दुकानदारासाठी तयारीची यादी

आधी उधारीची वही काढा. मी ठाण्यात नौपाड्यात बसून अंबरनाथच्या काही दुकानांचे हिशेब लिहितो. ऑर्डनन्सच्या, म्हणजे लष्करी सामान बनवणाऱ्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीलगतच्या एका किराणावाल्याच्या वहीत गिऱ्हाइकाचं नावच नसतं, क्वार्टरचा नंबर असतो. ‘टाइप दोन, 47: तेल 5 लिटर, रवा, अगरबत्ती.’ माणूस रिटायर झाला किंवा त्याची बदली झाली की तो जातो, नंबर तिथेच राहतो, आणि त्या पानावरची बाकी नव्या बिऱ्हाडाकडे मागता येत नाही. तेव्हा प्रत्येक नंबरापुढे नाव, मोबाइल आणि गावचा पत्ता लिहून घ्या. मग शिसपेन्सिलीने एक खूण करा: हा जाणारा की राहणारा?

सगळी तयारी या खुणेवर उभी आहे. कोलशेतचं वायुदल असो वा उरणजवळ करंजाचं नौदल, गणवेशातला माणूस निघाला की बायकामुलांसकट निघतो. दूध, शिकवणी, रिक्षा, सगळ्यांचं गिऱ्हाईक एका दिवसात उठतं. कारखान्यातला कामगार सिव्हिलियन. त्याचं बदलापूरला घर, घराचा हप्ता चालू. वर खातं बदललं तरी संध्याकाळी तो त्याच स्टेशनवर उतरतो. अमेरिकेत 1988 ते 2005 दरम्यान लष्करी तळ बंद करण्याच्या नि एकत्र आणण्याच्या पाच फेऱ्या झाल्या. तिथे बऱ्याच गावांत बेकारी भीती होती तेवढी वाढली नाही. त्याचं एक कारण अगदी साधं. ज्याची नोकरी हलली तो माणूसच गाव सोडून गेला, तो गावच्या बेकारांत कुठून मोजणार? तेव्हा ‘बेकारी वाढणार नाही’ असं कोणी सांगितलं तर त्यावर दुकानाचा हिशेब मांडू नका. गल्ला वेगळं सांगतो.

तो गल्ला आताच मोजून ठेवा. मागच्या बारा महिन्यांची विक्री आठवड्यावार मांडा. रोख वहीतून, बाकी यूपीआयच्या स्टेटमेंटमधून. पगाराच्या आठवड्यात विक्री किती फुगते आणि त्यातली किती ‘जाणाऱ्यां’ची, हे कळलं की माल किती भरायचा ते आपोआप कळतं. गाळ्याच्या भाडेकरारात मुदतीआधी सोडण्याचं कलम आहे का तेही बघा. नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला घालून घ्या.

एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांना थोडं जास्त काम आहे. 1 ऑक्टोबर 2021 ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. अंबरनाथचे दोन कारखाने दोन कंपन्यांत गेले: एकीचं मुख्यालय नागपूरला, दुसरीचं चेन्नईजवळ आवडीला. गेटवरच्या ओळखीवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांनी आपलं पुरवठादार म्हणून नाव नेमकं कुठल्या यादीत आहे ते लेखी विचारून घ्यावं. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची नोंद आणि लघुउद्योग म्हणून मिळालेलं उद्यम प्रमाणपत्र अद्ययावत करा. थकलेल्या बिलांची तारीखवार यादी करा, माल स्वीकारल्याच्या सहीसकट. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत मिळायला हवेत. नाही मिळाले तर केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करता येतो. फाइल हातात असताना भांडणं सोपं, साहेब बदलून गेल्यावर अवघड.

आता जमीन. ‘तळ गेला की प्लॉट सुटणार’ असं सांगणारा दलाल तळाआधी येतो. त्याच्या शब्दावर कर्ज काढू नका. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या. महायुद्ध संपलं, जमिनीचा वाद संपला नाही. जून 2017 मध्ये त्यावरून रस्त्यावर जाळपोळ झाली. कॅलिफोर्नियातला फोर्ट ऑर्ड 1994 ला बंद झाला, दुसऱ्याच वर्षी तिथल्या काही जागेत विद्यापीठ सुरू झालं, पण पडक्या बराकी पुढे कित्येक वर्षं उभ्याच होत्या. आपल्याकडे उल्हासनगरचं उदाहरण सगळे देतात. कल्याणचा लष्करी कॅम्प रिकामा झाला, त्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि 1949 ला शहराला नाव मिळालं. आजही पत्त्यात ‘कॅम्प नंबर चार’ लिहितात. पण ती बाजारपेठ घर हरवून आलेल्या माणसांनी उभी केली. तसं पुन्हा होईल असं धरून गाळा घेणं मला तरी पटत नाही.

एक गिऱ्हाईक वहीत सापडणार नाही: पेन्शनर. तो महिन्याला तळावरच्या कॅन्टीनमधून स्वस्तात सामान न्यायला लांबून येतो, वाटेत तुमच्याकडे चहा पितो, नातवाला काहीतरी घेतो. कॅन्टीन हलली की तोही तिकडे. उधारी करत नाही, म्हणून त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. पुढच्या खेपेला आला की चहा देताना नंबर मागून घ्या.