तपासण्या संपत नाहीत, निदान होत नाही: या चुका टाळा

"रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे ऐकून डॉक्टरांच्या केबिनबाहेर रडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्रास खरा असतो आणि कागद गप्प असतो. अशा काळात हातून काही चुका होतात. निदान त्यांमुळेच आणखी लांबतं.

'नॉर्मल' म्हणजे 'काहीच नाही' असं धरून बसणं

प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचंच उत्तर देते. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो आणि थकवा त्याचाच असू शकतो. म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना विचारा, "यातून कोणता आजार नक्की वगळला गेला? आणि कोणता अजून उरलाय?"

ठळक छापलेल्या प्रत्येक आकड्याला घाबरणं

बहुतेक तपासण्यांची नॉर्मल मर्यादा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील अशी आखलेली असते. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास असते. एएनए ही शरीर स्वतःवरच हल्ला करतंय का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी तर कित्येक निरोगी लोकांमध्येही सौम्य पॉझिटिव्ह येते. रात्री दोन वाजता मोबाइलवर तो शब्द शोधू नका, एवढं खरंच ऐका. मनानेच 'फुल बॉडी' पॅकेजं करत राहिल्यानेही असे फसवे आकडे वाढतात.

तपासणीआधीच पुरावा पुसून टाकणं

ही चूक बऱ्याचदा होते आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. केस-नखांच्या गोळ्यांमध्ये अनेकदा बायोटिन हे जीवनसत्त्व असतं. त्याचा डोस मोठा असेल तर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. डॉक्टरांना सांगून ते किमान २ दिवस आधी थांबवावं लागतं. गहू सोसत नाही अशी शंका येते, लोक तो आधी बंद करतात आणि मग सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला न सोसण्याच्या आजाराची तपासणी करतात. ती तपासणी ग्लुटेनमुळे तयार होणाऱ्या अँटीबॉडी मोजते, त्यामुळे आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. उरलेलं अँटिबायोटिक घेऊन कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला नमुना दिला, तर त्यात जंतू वाढतीलच असं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मात्र मनाने बंद करू नका.

दर वेळी नवा डॉक्टर, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात

दुसरं मत जरूर घ्या, पण जुनी फाइल तारखेनुसार लावून सोबत न्या. स्कॅनचा नुसता अहवाल पुरत नाही, चित्रंही लागतात. "सारखं गळून गेल्यासारखं होतं" यातून डॉक्टरांच्या हाती फारसं काही लागत नाही. वहीत असं लिहा: 'मंगळवार, दुपारी ४. जिना चढताना धडधड, १० मिनिटं. आदल्या रात्री झोप ४ तास. पाळीचा दुसरा दिवस.' अशा दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून त्रासाचा ठरावीक क्रम दिसू लागतो.

समुपदेशकाचं नाव निघताच दुखावणं

अनिश्चिततेनं झोप उडते आणि वेदना जास्त बोचते. त्यावर मदत घेतली म्हणजे 'आजार मनाचा आहे' असं कबूल केलं, असं होत नाही. तपास थांबणार नाही ना, एवढं मात्र स्पष्ट विचारून घ्या.

पुढच्या तारखेची वाट पाहत राहणं

छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं यांपैकी काहीही झालं, तर त्याच क्षणी तातडीच्या विभागात जा. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन किंवा न उतरणारा ताप असेल, तर अपॉइंटमेंट पुढच्या महिन्याची असली तरी आजच फोन करून तारीख अलीकडे मागा.