राष्ट्रीय विमान कंपनी हँगरमध्ये कशी घडते

एअर इंडियाची गोष्ट सांगायची म्हटलं की सगळे 15 ऑक्टोबर 1932 पासून सुरुवात करतात. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि पुढे त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट मद्रासकडे गेले. हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या मोठ्या शेडमध्ये, आयुष्य काढलेल्या आम्हा लोकांना ती गोष्ट पाठ आहे, तिचा अभिमानही आहे. पण विमान देखभालीच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींशी बोलताना मी 8 जून 1948 पासून सुरुवात करतो. त्या दिवशी 'मलबार प्रिन्सेस' नावाचं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. स्वातंत्र्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. विमान अमेरिकेतून विकत आणता आलं. ते पुन्हापुन्हा उडण्याजोगं ठेवणारी माणसं मात्र इथेच तयार करावी लागली.

आणि ती किती झपाट्याने तयार झाली बघा. 1960 मध्ये पहिलं बोइंग 707 आलं आणि 1962 च्या जूनमध्ये आपली कंपनी जगातली पहिली संपूर्ण जेट विमानांची कंपनी झाली. ज्या हातांनी पिस्टन इंजिनांचे स्पार्क प्लग बदलले, तेच हात चौदा वर्षांच्या आत टर्बाइनची पाती तपासू लागले. कंपनीचं बोधचिन्ह असलेल्या महाराजाचं कौतुक सगळ्यांनी केलं, ते व्हायलाच हवं. या लोकांची नावं मात्र बाहेर कुणाला माहीत नाहीत. माझ्या मते राष्ट्रीय कंपनी उभी राहिली ती त्यांच्या सहीवर. विमान उड्डाणाला योग्य आहे असं लिहून खाली सही करणारा इंजिनीयर असतो, आणि ती सही होईपर्यंत विमान हलत नाही.

मी लागलो तेव्हा त्यांतले बरेच जण अजून नोकरीत होते. आमच्या शिफ्ट इंचार्ज साहेबांकडून शिकलेली एक गोष्ट सविस्तर सांगतो. रात्रीची पाळी होती, बोइंग 747 उड्डाणासाठी बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, तयार होतं. वॉक-अराउंड, म्हणजे विमानाभोवती फिरून तपासणी, करताना एका लँडिंग गिअरजवळ जांभळट ओल दिसली. जांभळट म्हणजे स्कायड्रॉल, हायड्रॉलिकचं तेल. ते उघड्या हाताने कधीच चाचपायचं नाही, कातडी चुरचुरते आणि डोळ्यात गेलं तर हाल होतात. प्रवासी बसून झाले होते, वेळ जवळ आली होती. मी साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "सही तुझी आहे ना? मग पूस आणि मोज." चिंधीने जागा कोरडी केली, हायड्रॉलिकचा दाब चढवला, टॉर्च धरून आणि घड्याळ लावून मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजत बसलो. किती गळती चालते आणि कितीनंतर विमान थांबवायचं, हे मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये प्रत्येक भागासाठी लिहिलेलं असतं. गळती मर्यादेत निघाली. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, नोंद झाली, विमान उशिरा गेलं. उशिराबद्दल साहेबांनी वर उत्तर दिलं, मला त्याची झळ लागू दिली नाही.

नवीन मुलांना हा शेवटचा भाग मी मुद्दाम सांगतो. ज्युनिअरने विमान थांबवलं तर सीनियर त्याच्या पाठीशी उभा राहतो की नाही, यावर त्या कंपनीचं पाणी जोखा. पगार त्यानंतर बघा.

अगदी वरून खालपर्यंत ही नजर होती. जे. आर. डी. प्रवास करून आले की व्यवस्थापनाला पत्रं लिहीत, आणि त्यांत विमानातल्या चहाच्या रंगापर्यंतचे बारकावे असत. कंपनीचे 1953 मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तरी 1978 पर्यंत अध्यक्ष तेच राहिले. अध्यक्ष चहाकडे बघतो म्हटल्यावर रिव्हेटकडे दुर्लक्ष करायची कुणाची छाती होणार?

आता शिक्षणाचं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. मग डीजीसीए या सरकारी विमान नियामकाची मान्यता असलेली, त्याच्या सीएआर-147 या नियमांखालची प्रशिक्षण संस्था निवडा. परवाना सीएआर-66 नियमांप्रमाणे मिळतो: जेट विमानाचा सांगाडा आणि इंजिन यांसाठी बी1.1, विजेची व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा म्हणजे एव्हिऑनिक्ससाठी बी2. प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे परीक्षेच्या विषयाला, 75 टक्के लागतात. मुलं गॅस टर्बाइनचं मॉड्यूल घोकतात आणि नववं, मानवी घटकांचं, उरकून टाकतात. असं करू नका. थकवा, पाळी बदलताना अर्धवट सांगितलेलं काम, पहाटे तीनला डोळ्यांना न दिसलेला सैल बोल्ट, हे सगळं त्या नवव्यात आहे आणि नोकरीत रोज भेटतं.

दुसरं, एमईएल म्हणजे मिनिमम इक्विपमेंट लिस्ट नीट शिका. कोणता बिघाड असताना विमान उडू शकतं आणि तो किती दिवसांत दुरुस्त करायचा, हे त्यात असतं. बी वर्गातल्या बिघाडाला 3 दिवस, सी वर्गातल्याला 10. पैशाची चणचण असली की कुठल्याही कंपनीत सुटे भाग येत नाहीत, पुढे ढकललेल्या स्नॅगची, म्हणजे बिघाडांची, यादी लांबते आणि उभ्या विमानाचे भाग काढून उडत्या विमानाला लावले जातात. ती यादी वाचता आली की ताळेबंद न बघता कंपनीची तब्येत कळते.

देशाची कंपनी म्हणजे काय, हे मला 1990 ने दाखवलं. इराकने कुवेत घेतल्यावर तिथे अडकलेली आपली माणसं जॉर्डनमधल्या अम्मानहून आणायची होती. 59 दिवस, 488 फेऱ्या, एक लाखाच्या वर माणसं. विमान यायचं, उतरणाऱ्यांच्या हातात एखादी पिशवी असायची, पुष्कळांच्या तीही नसायची. खाली आम्ही चाकं बघत होतो, ऑइल भरत होतो आणि तेच विमान पुन्हा पाठवत होतो. एवढ्या घाईतही कुठलीच तपासणी गाळली गेली नाही, याचं मोल मला एवढी माणसं विमानाने आणल्याच्या विक्रमापेक्षा जास्त वाटतं.

2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचं विलीनीकरण झालं. कागदावर ते सोपं होतं. पण एकीकडे मुख्यतः बोइंगवर हात बसलेले लोक, दुसरीकडे एअरबसवर. ज्येष्ठतेच्या याद्या दोन, पगाराच्या रीती दोन. कर्मचाऱ्यांचा गुंता सोडवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली, तीही 2011 मध्ये. लोगो रातोरात बदलता येतो. दुसऱ्या हँगरमधल्या माणसाच्या सहीवर विश्वास बसायला वर्षं जातात, आणि त्या वर्षांची तरतूद कुणी केली नव्हती. म्हणूनच 2024 मध्ये विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात आली तेव्हा माझं सगळं लक्ष हँगरकडे होतं.

27 जानेवारी 2022 ला कंपनी टाटांकडे परत गेली, पुढच्या वर्षी 470 विमानांची मागणी नोंदवली गेली. नव्या मुलांनी एक लक्षात ठेवावं: देखभाल करणारी वेगळी कंपनी एआयईएसएल (एअर इंडिया इंजिनीयरिंग सर्व्हिसेस) त्या विक्रीत नव्हती, ती सरकारकडेच राहिली. नागपूरला मिहानमध्ये बोइंगने बांधलेलं देखभाल केंद्र तिच्याकडे आहे. म्हणजे एअर इंडियाच्या विमानावर काम करायचं तर नोकरी एअर इंडियातच हवी असं नाही. अर्ज करताना दोन्हीकडे करा. विदर्भातल्या मुलांना तर घराजवळ हँगर आहे.

प्रवेश घेण्याआधी संस्थेत जा आणि विमान दाखवा म्हणा. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून इंजिनाला हात लावू देतात का, टूल बोर्डवर प्रत्येक हत्याराची जागा आखलेली आहे का, आणि एखादी जागा रिकामी असली तर ते हत्यार कुणाकडे आहे हे तिथल्या शिक्षकांना लगेच सांगता येतं का, एवढं विचारा. उत्तर येत नसेल तर फी भरायची थांबवा आणि दुसरी संस्था बघा.