ऑल-इन-वन की गेमिंग पीसी? आधी चिपचं पूर्ण नाव वाचा

बजेट ठरलंय, टेबलावरची जागा मोजून झालीये असं धरून चालतो.

रोजची कामं कागदावर लिहा. ब्राउझर, हिशेब, व्हिडिओ कॉल, सिनेमे एवढंच असेल तर बिनधास्त ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या आतच सगळा कॉम्प्युटर असलेलं मशीन, घ्या. ‘पुढे लागेल’ म्हणून गेमिंग पीसी गळ्यात मारणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. नवे थ्रीडी गेम किंवा तासन्‌तास व्हिडिओ रेंडरिंग (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) असेल, तर गेमिंग पीसीच.

खरी गोची पुढे आहे. मी एकदा खोक्यावरचं ‘आय७’ वाचून ऑल-इन-वन घेतला. रेंडर लावला की पहिली काही मिनिटं झकास, मग वेग पार खाली आणि स्क्रीनच्या मागच्या जाळीला हात लावला तर चटका. मशीन बिघडलेलं नव्हतं, मी चिपचं, म्हणजे प्रोसेसरचं, नाव अर्धवट वाचलं होतं. इंटेलचे कोअर आय७-१२५५यू आणि कोअर आय७-१२७०० एकाच पिढीतले. पण पहिल्यात १० कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), त्यातले ताकदीचे फक्त २, आणि बेस पॉवर, म्हणजे सतत काम करताना धरलेली वीज, १५ वॉट. दुसऱ्यात १२ कोअर, ताकदीचे ८, बेस पॉवर ६५ वॉट. पहिला पातळ लॅपटॉपसाठी बनलेला, आणि बऱ्याच ऑल-इन-वनमध्ये अशीच लॅपटॉपची चिप असते.

म्हणून इंटेलची चिप असेल तर नावातलं शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी विजेची लॅपटॉप चिप, एच म्हणजे दमदार लॅपटॉप चिप, टी म्हणजे कमी विजेची डेस्कटॉप चिप. एफ असेल तर चिपमध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागणारच. विक्रेत्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. विंडोज चालू असलेल्या मशीनवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा. वर उजवीकडे पूर्ण नाव दिसतं.

ग्राफिक्सचंही तेच. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड डेस्कटॉपमध्ये १२ जीबी मेमरीचं, लॅपटॉपमध्ये ८ जीबीचं. नाव एक, माल वेगळा. ऑल-इन-वनमध्ये वेगळी ग्राफिक्स चिप असलीच तर ती बहुतेक वेळा मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) सोल्डर केलेली असते, नंतर बदलता येत नाही. गेमसाठी ऑल-इन-वन घेऊ नका असं मी ठामपणे सांगतो ते यामुळेच.

गेमिंग पीसी घेताना पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको, कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का ते बघा, आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावा.

ऑल-इन-वन ठरला असेल तर पैसे देण्याआधी मागे ‘एचडीएमआय इन’ पोर्ट आहे का ते तपासा. नुसतं ‘एचडीएमआय’ लिहिलेलं असेल तर ते बहुधा आउट असतं, त्यातून चित्र फक्त बाहेर जातं. इन असेल तर उद्या आतला कॉम्प्युटर जुना झाला तरी तोच स्क्रीन दुसऱ्या मशीनला मॉनिटर म्हणून जोडता येतो.